तीस दिवसांनी बाजार नसतो

“मॅडम, तुमचा बस फॅक्टर एक आहे,” निखिल सर म्हणाले.

मी ब्राह्मणपुरीत, माझ्या गावी, आमच्या घराच्या मागच्या खोलीत. ते पुण्यात, काचेच्या केबिनमध्ये. मध्ये व्हिडिओ कॉल. नेटवर्क नेमकं त्या दिवशी चांगलं होतं, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायचीही सोय नव्हती.

बस फॅक्टर म्हणजे काय ते आधी सांगते. एखादं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांपैकी किती जण बसखाली आले तर ते सॉफ्टवेअर अनाथ होईल, तो आकडा. आकडा जितका मोठा तितकं बरं. माझा एक. म्हणजे मी गेले की मागे कोणी नाही.

“आमच्याकडे बस वेळेवर येतच नाही, सर,” मी म्हटलं. “आली तरी फार जोरात नसते.”

ते हसले. माणूस चांगला होता, मला तेव्हाही वाटलं. पण हसून दिलेला नकार हाही नकारच असतो.

प्रकरण असं होतं. मी चौदा वर्षं पुण्यात प्रोग्रामर होते. वडिलांच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी घरी आले आणि राहूनच गेले. नोकरी घरून चालते. शनिवारी मात्र मी अक्कलकुव्याकडच्या एका संस्थेत जाते. त्यांचे कॉम्प्युटर नीट चालावेत एवढंच माझं काम, आणि ते मी हौसेने करते. संस्थेचा फिरता दवाखाना आहे, म्हणजे औषधं भरलेली एक गाडी. ती रोज एका गावात जाते आणि ज्या गावचा बाजार असेल त्याच गावात उभी राहते. डोंगरातली माणसं आठवड्यातून एकदा खाली उतरतात, ती बाजाराला. त्याच फेरीत औषध मिळालं तर घेतात. औषधासाठी वेगळा दिवस मोडणं कोणाला परवडत नाही.

या गाडीवर विमलताई असतात. आरोग्यसेविका. स्वतः डोंगरातल्याच, बोलायला कमी, कामाला वाघ. एका शनिवारी त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“ताई, फोन चुकीचं सांगतो.”

“कुठला फोन?”

“गोळ्यांचा. आणि आवाज माझा आहे त्यात, म्हणून मला जास्त लागतं.”

आमच्या भागात सिकलसेल खूप. रक्तातल्या लाल पेशी गोल राहायच्या ऐवजी विळ्यासारख्या होतात, कुठेतरी अडकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. रोज गोळी घेतली तर पुष्कळांचं बरं चालतं. मध्येच थांबवली की पुन्हा दुखणं. म्हणून संस्थेने पुण्याच्या एका कंपनीकडून सॉफ्टवेअर घेतलं होतं. गोळ्या दिल्या की ते तीस दिवस मोजायचं आणि पुढच्या तारखेची आठवण रुग्णाला फोनवर द्यायचं, भिलीतून, विमलताईंच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात. कल्पना छानच होती.

फक्त तीस दिवसांनी बाजार नसतो. बाजार सात दिवसांनी असतो. मंगळवारी गोळ्या नेलेल्या बाईला तीस दिवसांनी गुरुवार येतो. गुरुवारी ना बाजार, ना गाडी.

“मोगीबाई दोन वेळा गुरुवारी उतरली,” विमलताई सांगत होत्या. “वरच्या पाड्यातून उंबरपाणीला चालत दोन तास. मी तोंडाने मंगळवार सांगते, फोन गुरुवार सांगतो. फोन दवाखान्याचा, म्हणून ती फोनचं ऐकते. दोन वेळा रिकामी गेली. आता येत नाही. मागच्या महिन्यात तिला उचलून खाली आणलं. मी जाऊन समजावलं, गोळ्या परत सुरू केल्या. आता ही शेवटची संधी, ताई. परत एकदा रिकामी गेली तर मी सांगूनही नाही येणार ती.”

मोगीबाई तिशीतली. तीन लेकरं. ते दुखणं कसं असतं ते विमलताईंनी दोन वाक्यांत सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

आता यातली गंमत सांगते, म्हणजे त्या वेळी ती माझ्यावरच झालेली गंमत होती. नेमकं हेच काम करणारी एक लायब्ररी मी दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती. पुस्तकांची लायब्ररी नव्हे. प्रोग्रामर मंडळी प्रत्येक गोष्ट नव्याने लिहीत नाहीत, कोणीतरी लिहून ठेवलेला तयार तुकडा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडतात. त्या तुकड्याला लायब्ररी म्हणतात. आणि ओपन सोर्स म्हणजे गावच्या सामाईक भांड्यांसारखं. लग्नाला मोठं पातेलं कोणीही न्यावं, पोचा आला तर ठोकून आणावा, पातेलं गावाचंच. माझ्या लायब्ररीला गाव आणि तारीख दिली की ती त्या तारखेजवळचा बाजार सांगायची. नाव मी ठेवलं होतं ‘आठवडा’.

दोन वर्षांत ती किती जणांनी उतरवून घेतली हे वेबसाइटवर दिसायचं. आकडा अकरा होता. त्यातल्या नऊ वेळा मीच.

आईला हे कळलं तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. “फुकट देस, तरी कोणी लेत नही? मंग माल खराब व्हई,” ती म्हणाली आणि शेंगा फोडत राहिली. मार्केटिंगवरची एवढी नेमकी टीका मी कुठल्याही मीटिंगमध्ये ऐकलेली नाही.

विमलताई बोलून गेल्या आणि मी पुण्याच्या कंपनीला मेल केला. सॉफ्टवेअर टीमचे प्रमुख ते निखिल सर. तो पहिला कॉल, बस फॅक्टरचा.

मी म्हटलं, निदान तीसचे अठ्ठावीस तरी करा.

“तुमचं सुटेल, मॅडम. पण हेच सॉफ्टवेअर सतरा ठिकाणी जातं. कोणाचा दवाखाना महिन्याच्या ठरलेल्या तारखेला असतो. प्रत्येकासाठी वेगळं केलं तर आम्ही मेलो.”

“म्हणूनच लायब्ररी घ्या. गावाप्रमाणे ती स्वतः ठरवते.”

“घेऊ. पण तुमच्याशिवाय दुसरा कोणीतरी ती सांभाळणारा दाखवा. आणि एका खऱ्या गावाचं टेस्टिंग दाखवा. होळीआधी आमचं एक रिलीज आहे. त्यात बसलं तर बसलं, नाहीतर पुढचं पावसाळ्यात.”

रिलीज म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सगळीकडे पाठवणं. पावसाळा म्हणजे अजून चार-पाच चुकीचे फोन. मी हिशेब केला. मोगीबाईला त्यातला एकच पुरेसा होता.

मी कंबर कसली. उंबरपाणीचं सगळं भरलं, सणांच्या सुट्ट्या घातल्या. सण आला की त्या आठवड्याचा बाजार सोडून पुढच्या बाजाराची तारीख द्यायची, असा नियम केला. मला त्या नियमाचा फार अभिमान वाटला. मोगीबाईची पुढची फेरी होळीच्या आठवड्यात येत होती. लायब्ररीने ती अलगद उचलून एक मंगळवार पुढे ठेवली. मी प्रिंट काढून विमलताईंना दाखवली.

त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरून वाचला. मी कौतुकाची वाट पाहत होते.

“गोळ्या त्याआधी संपतात ना, ताई?” त्या म्हणाल्या. “आणि त्या मंगळवारी पण कोणी येत नाही.”

“का?”

“मला नीट सांगता येत नाही. आम्हाला माहीत असतं, एवढंच. तुम्ही रफिकभाईंना विचारा. आमच्या गाडीशेजारी बांगड्या घेऊन बसतात. बाजाराचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

मला राग आला, हे कबूल करते. विमलताईंवर नाही. दोन वर्षं लिहिलेला कोड आणि त्याला बांगडीवाल्याकडे तपासायला पाठवायचं, याचा. तरी पुढच्या मंगळवारी सुट्टी टाकून उंबरपाणीला गेले.

रफिकभाई खापर गावचे. वय साठीच्या पुढे. बांगड्या, रिबिनी, आरसे, कंगवे असा सगळा माल. चाळीस वर्षं एकेका दिवशी एकेका बाजारात पाल ठोकतात. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं आणि बांगड्यांची एक पेटी सरकवून जागा केली.

“बठ बेटा. आठे छाया शे. काय पाहिजे तुले?”

“बाजार लिहून घ्यायचेत, चाचा. कुठल्या गावाचा कधी.”

“कोठला लिखाना शेत?”

“सगळे.”

“मंग चहा मांगाडस. येळ लागी.”

आणि त्यांनी सुरुवात केली. वार आणि गाव पाठ होतेच, ते कोणालाही असतील. पण प्रत्येक गावाला त्यांच्याकडे एक शेपूट होतं. पावसाळ्यात नदी आली की हा बाजार अलीकडच्या काठावर भरतो. त्या गावात कोणी जाणतं माणूस गेलं तर तो बाजार भरतच नाही. अमुक गावाचा बाजार दुपारी दोनला उठतो, तिथे चार वाजता गाडी पाठवून उपयोग नाही. मधूनच गिऱ्हाईक यायचं. ते बाईच्या हातात बांगड्या चढवायचे आणि बोलणं जिथे सोडलं तिथूनच धरायचे. मी टाइप करत होते आणि माझा राग कधी गेला ते मला कळलं नाही.

मग मी होळीचा नियम सांगितला. सण आला की पुढच्या मंगळवारी.

त्यांनी हातातली बांगडी खाली ठेवली.

“बेटा, होळी कॅलेंडरमा एक दिन ऱ्हास. आठे पंधरा दिन चालस. आज ह्या पाड्यानी, उद्या त्या पाड्यानी, मंग काठी गावनी. लोके होळ्या देखत फिरतस. ज्यासनी पाळणी धरेल शे, होळीनं व्रत, त्या तं घर बी जातस नही. बाजारले कोन येई? मी सोता दुकान लावत नही त्या मंगळवारले.”

“मग औषध कधी द्यायचं?”

“होळीना पहिले भोंगऱ्या बाजार ऱ्हास ना. तव्हय आख्खा डोंगर खाले उतरस. म्हातारं, लेकरू, सर्वा. तुन्हं मशीन त्यासले पुढे कसाले ढकली ऱ्हायनं? मांगे बलाव.”

मागे बोलाव. चौदा वर्षांच्या नोकरीत मी डेडलाइन नेहमी पुढेच ढकलत आले होते. सुट्टी आली की काम पुढच्या वारी, हा ऑफिसचा नियम. तो मी डोंगराला लावून टाकला होता. विजेचं बिल पुढे ढकललं तर चालतं. औषध पुढे ढकललं तर मधले दिवस रिकामे जातात. सणाआधी बोलवायचं, आणि सणानंतरचे दिवस धरून गोळ्या जास्त द्यायच्या. एवढं साधं.

मी दोन बदल केले. एक, ‘मागे की पुढे’ हे विचारायची सोय. औषधाला मागे, मीटिंगला पुढे. दुसरा बदल दिसायला किरकोळ होता, पण खरं काम त्यानेच केलं. गावांची सगळी माहिती मी कोडमधून बाहेर काढली आणि एका साध्या तक्त्यात ठेवली. गाव, वार, पावसाळ्यात कुठे, होळीत काय. त्यात चूक सापडली तर दुरुस्त करायला प्रोग्रामर लागत नाही. विमलताई मोबाइलवरून करू शकतात. रफिकभाई विमलताईंना सांगू शकतात.

निखिल सरांशी दुसरा कॉल मी मुद्दाम मंगळवारी ठेवला, उंबरपाणीच्या बाजारातून. मोबाइल बांगड्यांच्या पेटीला टेकवला. एका बाजूला विमलताई, मध्ये मी, शेजारी रफिकभाई. मागे कोंबड्या विकायला आलेल्या.

“हे कोण?” सरांनी विचारलं.

“माझे सहकारी. लायब्ररी सांभाळणारे.”

“काका, तुम्ही प्रोग्रामिंग करता?”

“मी बांगड्या इकस,” रफिकभाई म्हणाले.

सर थोडे गोंधळले. मग त्यांनी शहाणपणाचं काम केलं. परीक्षा घेतली. माझी लायब्ररी त्यांनी त्यांच्या मशीनवर चढवली होतीच. त्यातलं एक गाव आणि श्रावणातली एक तारीख त्यांनी वाचून दाखवली आणि विचारलं, इथे गाडी कधी पाठवायची?

“तव्हय तो बाजार नदीना आलीकडे भरस. सोमवारले. दुपारना पहिले जावानं,” रफिकभाई म्हणाले. सरांच्या स्क्रीनवर उत्तर यायच्या आधी.

सरांनी अजून तीन गावं विचारली. तिसऱ्या गावाला दोघांची उत्तरं वेगळी आली. रफिकभाईंनी शांतपणे सांगितलं की तिथला बाजार दिवाळीपासून बदललाय, मी लिहून घेताना ते सांगायचं तेच विसरले होते. विमलताईंनी तिथेच मोबाइल काढून तक्ता दुरुस्त केला. सरांनी पुन्हा विचारलं. उत्तरं जुळली.

“आणि या मॅडम नसल्या तर?” सरांनी विचारलं. बस काही त्यांच्या डोक्यातून जात नव्हती.

“हाई पोर नही व्हई तं विमल शे. विमल नही व्हई तं मी शे. मी नही व्हसू तं मन्हा भाऊ शे, तो धडगावकडना बाजार करस,” रफिकभाई म्हणाले. “बाजार कोनाकरता थांबत नही, साहेब.”

निखिल सर काही वेळ खाली बघून टाइप करत राहिले. मग म्हणाले, “रिलीजमध्ये घेतो.”

मी कॉल बंद केला. विमलताईंनी पदराने चेहरा पुसला, गर्मी होती म्हणून असेल. रफिकभाईंनी माझ्या हातात अर्धा डझन हिरव्या बांगड्या चढवल्या आणि पैसे घेतले नाहीत. मला या दोघांचा फार लोभ वाटला.

भोंगऱ्याच्या आठवड्याआधी फोन गेले. विमलताईंच्या आवाजात, मंगळवारचे.

त्या मंगळवारी मी गाडीपाशी होते. उंबरपाणीत पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल, पावे, एकसारख्या लुगड्यांतल्या पोरींच्या रांगा, गळ्यात चांदी. गुळाच्या जिलेबीचा वास. विमलताई यादीवर खुणा करत होत्या. एकेक जण येत होता. दहा वाजले, अकरा वाजले. मोगीबाईच्या नावापुढची जागा कोरी. विमलताई मान वर करून गर्दीत बघायच्या आणि पुन्हा खाली.

साडेअकराला ती आली. नवं लुगडं, धाकटं लेकरू कमरेवर. हसत वगैरे नव्हती. सरळ गाडीपाशी येऊन विमलताईंशी भिलीत तडातडा बोलायला लागली. बराच वेळ बोलली. लेकराला एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतलं आणि पुन्हा बोलली. मला काही कळेना. मी घाबरले.

“काय झालं?” मी विचारलं.

विमलताई गोळ्या मोजत होत्या, होळीचे दिवस धरून जास्तीच्या. त्या हसू दाबत होत्या.

“रागावली आहे. म्हणते, मंगळवारी बाजार असतो हे मला शिकवता? माझी आजीपण मंगळवारीच यायची. भोंगऱ्याला तर मी तापात असले तरी येते. म्हणते, सांगायचं तर तुमच्या गाडीचं सांगा. मागे एका मंगळवारी गाडी पंक्चर होती, आलीच नाही, तेव्हा फोन गप्प बसला. बाजार तर येणारच. तुम्ही येणार का, ते सांगा.”

दोन वर्षं मी खपून जे लिहिलं ते या बाईला जन्मापासून माहीत होतं. तिला जे माहीत नव्हतं ते आमचं होतं, आणि ते सांगायचं आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं.

मी तिला, विमलताईंच्या मार्फत, विचारलं, गाडी निघाली की सकाळी फोन आला तर चालेल का? ती म्हणाली, सूर्य डोक्यावर यायच्या आत यायला पाहिजे, नंतर काय उपयोग. मग गोळ्या कमरेच्या पिशवीत टाकून ढोलाच्या दिशेने निघून गेली.

मी लॅपटॉप उघडून तिची तक्रार नोंदवली. वापरणाऱ्याची तक्रार नोंदवतात त्याला आमच्याकडे इश्यू म्हणतात. ‘आठवडा’ला तोवर एकही इश्यू आला नव्हता आणि मी ते गुणवत्तेचं लक्षण समजत होते. आता ड्रायव्हर सकाळी निघताना एक बटण दाबतो आणि त्या गावच्या लोकांना फोन जातो, गाडी निघाली. गाडी नादुरुस्त असेल तर तसाही जातो. ते निखिल सरांच्या टीमने स्वतः लिहून लायब्ररीत परत पाठवलं. गुजरातच्या बाजूच्या एका संस्थेने ‘आठवडा’ घेतला तो या बटणासाठी, बाजाराच्या तारखांसाठी नव्हे. त्यांचे लोक आता दर आठवड्याला काहीतरी चूक काढतात. आईला सांगितलं. ती म्हणाली, “आते लोके लेतस म्हंजे माल बरा व्हई.”

आपलं सॉफ्टवेअर लोकांनी वापरावं म्हणून काय करावं, असं तरुण मुलं मला विचारतात. मी एवढंच सांगते की कौतुक मोजू नका. कौतुक करून माणूस निघून जातो. मोगीबाई दोन गुरुवारी दोन-दोन तास चालत येऊन रिकामी परत गेली, तेव्हा तिने एका शब्दाची तक्रार केली नव्हती. फक्त यायची थांबली होती. भांडली ती तिसऱ्या वेळी, कारण आता तिला परत यायचं होतं.